पहिला प्रस्ताव लिहिताना: नवोदित कलावंतांनी प्रकल्पासाठी आधार कसा मिळवावा

१९१२ मध्ये लंडनहून चलच्चित्रणाचे यंत्र आणि त्याचे प्राथमिक शिक्षण घेऊन परतलेल्या दादासाहेब फाळके यांच्यापुढे भांडवलाचा प्रश्न उभा होता. त्यांनी एका रोपट्याची वाढ रोज थोडी थोडी टिपली, त्या तुकड्यांची छोटी फिल्म केली आणि भांडवल पुरवू शकणाऱ्यांना ती दाखवली. बी रुजून कोंब वर येण्याची कित्येक दिवसांची क्रिया पडद्यावर काही क्षणांत उलगडली आणि त्यातून दोन गोष्टी एकदमच सिद्ध झाल्या: हे यंत्र चालते, आणि हा माणूस ते चालवू शकतो. भांडवल उभे राहिले आणि १९१३ मध्ये त्यांचा पहिला कथापट प्रदर्शित झाला.

आपल्या कामासाठी आधार शोधणाऱ्या कोणाही नवोदिताने यातला व्यवहार नीट समजून घ्यावा. मदत देणारी संस्था, पुरस्कर्ता किंवा वर्गणीदार हे प्रतिभेचे मोजमाप करायला बसलेले नसतात. त्यांच्यापुढचा प्रश्न पुष्कळ साधा असतो: हे विशिष्ट काम, या व्यक्तीकडून, एवढ्या काळात आणि एवढ्या पैशांत पूर्ण होईल का, आणि पूर्ण झालेच तर ते करण्याजोगे होते असे वाटेल का? टिपण, नमुने, अंदाजपत्रक, वेळापत्रक, शिफारसपत्र यांपैकी प्रत्येक कागदाने या एकाच प्रश्नाचे उत्तर थोडे थोडे पुढे न्यायचे असते. ज्या कागदातून ते पुढे जात नाही, तो कितीही सुंदर असला तरी बाजूला ठेवलेला बरा.

अडले नेमके कुठे आहे

पैसा हा आधाराचा एक प्रकार झाला. काम करायला मोकळी जागा, सलग वेळ, उपकरणे, तंत्रज्ञांचे साहाय्य, जाणकाराचे मार्गदर्शन, प्रदर्शनाची किंवा प्रयोगाची संधी हेही आधाराचेच प्रकार आहेत, आणि पुष्कळदा ते पैशापेक्षा लवकर मिळतात. म्हणून अर्ज शोधायला बसण्यापूर्वी आपले काम कोणत्या गोष्टीअभावी थांबले आहे हे एका वाक्यात लिहून काढावे. ‘पैसे नाहीत’ हे उत्तर बहुतेक वेळा अपुरे असते. ‘नोकरी सांभाळून संहितेचा दुसरा खर्डा होत नाही’ किंवा ‘मोठ्या आकाराचे शिल्प उभे करण्याइतकी उंच जागा नाही’ अशी उत्तरे मिळाली, की कोणते दार ठोठवायचे हे आपोआप स्पष्ट होते.

सलग वेळ हवा असेल तर निवासी कार्यक्रमांकडे, म्हणजे रेसिडेन्सीकडे, वळावे. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमध्ये १९०७ साली संगीतकार एडवर्ड मॅकडॉवेल आणि पियानोवादक मरियन मॅकडॉवेल यांनी सुरू केलेला निवास या प्रकारातल्या जुन्या संस्थांपैकी एक आहे. तिथे कलावंताला स्वतंत्र स्टुडिओ मिळतो, राहण्याचे शुल्क घेतले जात नाही, आणि काम करणाऱ्याची तंद्री मोडू नये म्हणून दुपारच्या जेवणाची टोपली न बोलता दाराबाहेर ठेवून जाण्याची प्रथा आहे. जगभरच्या निवासी कार्यक्रमांची माहिती हवी असेल, तर १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘रेस आर्टिस’ या संघटनेची यादी चाळावी. या कार्यक्रमांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत: जे कलावंताला विद्यावेतन देतात, जे फक्त राहण्याची व कामाची मोफत सोय करतात, आणि जे कलावंताकडूनच शुल्क घेतात. तिसऱ्या प्रकारातले सगळेच कार्यक्रम वाईट असतात असे नाही, कारण काही ठिकाणी छपाईयंत्रे किंवा भट्ट्या वापरायला मिळतात आणि शुल्क त्याचे असते. परंतु केवळ ‘निवड झाली’ असे पत्र आणि त्यासोबत भली मोठी रक्कम भरण्याची सूचना एकाच दिवशी आली, तर ते निवडीचे पत्र नसून बिल आहे असे समजावे.

काम कोणत्या टप्प्यावर आहे हेही पाहायला हवे. रॉटरडॅमच्या चित्रपट महोत्सवाशी संलग्न असलेला ‘ह्युबर्ट बाल्स फंड’ १९८८ पासून आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका यांसारख्या प्रदेशांतील चित्रपटकारांना मदत करतो. त्यात संहिता व पूर्वतयारीसाठीची मदत वेगळी असते आणि पुढच्या टप्प्यांसाठीची वेगळी. चित्रीकरण पूर्ण झालेल्याने संहितेच्या मदतीसाठी अर्ज करणे जितके निरर्थक, तितकेच जेमतेम कल्पना सुचलेल्याने निर्मितीसाठी अर्ज करणे. अमेरिकेतील ‘गुगेनहाइम फेलोशिप’ ही अभ्यासवृत्ती १९२५ पासून दिली जाते आणि तिचा दबदबा मोठा आहे. मात्र ती मुळातच ज्यांच्या नावावर भरीव काम आहे अशांसाठी आहे. अशा ठिकाणी पहिलाच अर्ज धाडण्यात धाडस आहे असे अनेकांना वाटते. माझ्या मते ते धाडस नसून वेळेचा अपव्यय आहे, कारण त्याच आठवड्यात जवळच्या, लहान आणि नवोदितांसाठीच राखून ठेवलेल्या मदतीचा अर्ज नीट लिहून झाला असता.

संस्थांची धोरणेही बदलत असतात. अमेरिकेची ‘नॅशनल एन्डोमेंट फॉर द आर्ट्स’ ही १९६५ साली स्थापन झालेली सरकारी संस्था पूर्वी निरनिराळ्या क्षेत्रांतील कलावंतांना वैयक्तिक अनुदान देत असे. १९९० च्या दशकाच्या मध्यात तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, साहित्यासारखे मोजके अपवाद वगळता वैयक्तिक अनुदाने बंद केली. त्यामुळे जुन्या कलावंताने ‘मला तिथून मिळाले होते’ असे सांगितले, तरी चालू वर्षीची नियमावली वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. मदत केवळ नोंदणीकृत संस्थांनाच मिळते असे दिसले, तर एखाद्या कलासंस्थेमार्फत अर्ज करता येतो का, हे विचारावे. अनेक देशांत अशी सोय आहे, आणि त्या बदल्यात मध्यस्थ संस्था रकमेचा थोडा हिस्सा व्यवस्थापनासाठी ठेवून घेते.

नियमावली आणि परीक्षक

वय, नागरिकत्व, वास्तव्य, विद्यार्थी असणे किंवा नसणे, मागितलेली कमाल रक्कम आणि काम सुरू होण्याची तारीख या गोष्टींवर पहिली चाळणी लागते. ती कार्यालयातच लागते आणि तिथे अडकलेला अर्ज परीक्षकांपर्यंत पोहोचतच नाही. काम सुरू होण्याच्या तारखेकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पुष्कळ संस्था निर्णयापूर्वी झालेला खर्च भरून देत नाहीत. नियमावलीत निवडीचे निकष दिलेले असतील तर ते वेगळ्या कागदावर उतरवून, आपल्या प्रस्तावातील कोणता परिच्छेद कोणत्या निकषाला उत्तर देतो ते समोर लिहावे. एखाद्या निकषासमोरची जागा रिकामी राहिली, तर परीक्षकाच्या गुणपत्रिकेतही ती रिकामीच राहणार आहे.

निवड समितीत बहुधा त्याच क्षेत्रातले किंवा शेजारच्या क्षेत्रांतले कलावंत, समीक्षक, आयोजक असतात. नर्तकाचा प्रस्ताव चित्रकार वाचत असण्याची शक्यता पुष्कळ असते. त्यामुळे क्षेत्राची परिभाषा वापरावी, पण पहिल्यांदा वापरताना तिचा अर्थ संदर्भातून कळेल अशी वाक्यरचना करावी. मागील काही वर्षांत कोणाला मदत मिळाली याची यादी बहुतेक संस्था जाहीर करतात. ती यादी ‘त्यांना कसले काम आवडते’ हे ओळखून तसे काम करण्यासाठी वाचायची नसते. आपण जे करणारच आहोत त्याला इथे जागा आहे का, एवढेच तिच्यातून पाहायचे.

शंका असेल तर कार्यक्रम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला विचारावे. नवोदितांना याचा संकोच वाटतो, पण प्रश्नांची उत्तरे देणे हा त्या अधिकाऱ्याच्या कामाचाच भाग असतो. प्रश्न मात्र नेमका असावा. ‘माझा प्रकल्प तुम्हाला योग्य वाटतो का?’ याला कोणीच उत्तर देऊ शकत नाही. ‘प्रकल्पातील दोन सहकलावंत दुसऱ्या देशात राहतात, त्यांचे मानधन या अनुदानातून देता येईल का?’ याला हो किंवा नाही असे उत्तर मिळते.

टिपण कसे लिहावे

प्रस्तावाचा गाभा म्हणजे प्रकल्पाचे टिपण, आणि बहुतेक प्रस्ताव तिथेच ढासळतात. समजा, एका तरुण ध्वनिकलावंताने रात्रपाळीत काम करणाऱ्या परिचारिकांवर ध्वनिनाट्य करायचे ठरवले आहे आणि टिपणाची सुरुवात अशी केली आहे:

‘हा प्रकल्प म्हणजे मानवी एकटेपणाचा शोध घेणारा, श्रोत्याला अंतर्मुख करणारा एक संवेदनशील प्रवास आहे. आवाज आणि शांतता यांच्या सीमारेषेवर उभे राहून तो काळजी घेण्याच्या कृतीचा नव्याने विचार करतो आणि समाजाला एक वेगळी दृष्टी देतो.’

यात खोटे काही नाही, पण हाती लागेल असेही काही नाही. हेच वाक्य चित्रमालिकेला, कवितासंग्रहाला किंवा नृत्यनाट्याला लावले तरी चालेल. परिचारिकांचा उल्लेखसुद्धा आलेला नाही. आता तोच प्रकल्प असा लिहून पाहावा:

‘रात्रपाळीत काम करणाऱ्या १२ परिचारिकांशी झालेल्या संभाषणांवर आधारित ४० मिनिटांचे ध्वनिनाट्य मी तयार करणार आहे. पहाटे तीन ते पाच या वेळेत रुग्णालयात कोणते आवाज ऐकू येतात आणि त्यांपैकी कोणत्या आवाजाने त्या दचकून उठतात, हा या संभाषणांचा धागा आहे. चार जणींचे ध्वनिमुद्रण झाले असून त्यातील तीन मिनिटांचा भाग सोबत जोडला आहे. अनुदानाच्या सहा महिन्यांत उरलेली आठ ध्वनिमुद्रणे, संहिता आणि ध्वनिसंकलन पूर्ण होईल. पहिले श्रवणसत्र परिचारिका प्रशिक्षण संस्थेच्या सभागृहात होईल. संस्थेचे संमतिपत्र जोडले आहे.’

दुसऱ्या टिपणात ‘संवेदनशील’ हा शब्द कुठेही नाही, तरी पहाटेच्या आवाजाने दचकण्याचा तपशील वाचताना परीक्षकाला ती संवेदनशीलता स्वतःच जाणवते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चार ध्वनिमुद्रणे झालेली आहेत. आपल्याच खर्चाने, जमेल तेवढे काम आधी करून ठेवणे याला पर्याय नाही, आणि ते थोडेच असले तरी चालते. फाळक्यांचे रोपटे हे संपूर्ण चित्रपटाच्या मानाने फारच लहान काम होते.

टिपणाच्या पहिल्या परिच्छेदात काय करणार, कोणाबरोबर, किती मोठे आणि केव्हापर्यंत हे येऊन जावे. का करायचे, हे दुसऱ्या परिच्छेदात यावे आणि तेही विषयाच्या महत्त्वापेक्षा आपल्या त्या विषयाशी असलेल्या संबंधातून यावे. एकटेपणा हा महत्त्वाचा विषय आहे हे परीक्षकाला ठाऊक असते. या कलावंताला परिचारिकांनी आपल्या रात्री का उघडून दाखवाव्यात, हे त्याला ठाऊक नसते. ज्या प्रश्नांची उत्तरे अजून मिळालेली नाहीत, तेही लिहायला हरकत नाही. ‘निवेदक असावा की नाही हे पहिल्या चार संभाषणांच्या कच्च्या जोडणीनंतर ठरवेन’ असे वाक्य अनिश्चिततेचे असले तरी कामाची जाण दाखवणारे असते. उलट सगळेच आधीपासून ठरलेले दिसले, तर सर्जनशील कामाला वाव कुठे उरला, अशी शंका येते.

हल्ली यंत्राकडून प्रस्ताव लिहून घेण्याची सोय झाली आहे. भाषा तपासण्यासाठी किंवा शब्दमर्यादेत बसवण्यासाठी तिचा उपयोग होईल. परंतु मूळ टिपण तिच्यावर सोपवले तर पहिल्या नमुन्यासारखा गोळीबंद, गुळगुळीत आणि कोणालाही लागू पडणारा मजकूर हाती येतो. काही संस्थांनी यासंबंधी स्वतंत्र नियमही केले आहेत, ते अर्जाआधी पाहावेत.

नमुने

परीक्षक टिपण वाचतात, पण विश्वास नमुन्यांवर ठेवतात. म्हणून नमुने निवडताना ‘माझे सर्वोत्तम काम कोणते’ यापेक्षा ‘मी मागतो आहे त्या कामाची खात्री कोणत्या नमुन्यातून पटेल’ असा प्रश्न विचारावा. भित्तिचित्रासाठी अर्ज करणाऱ्याने दहा उत्कृष्ट लघुचित्रे जोडली, तर मोठ्या पृष्ठभागावर काम करण्याच्या क्षमतेबद्दल त्यातून काहीच कळत नाही; त्याऐवजी मोठ्या भिंतीवरचे एकच मध्यम दर्जाचे काम आणि चार लघुचित्रे जास्त बोलतील. प्रत्येक नमुन्याखाली शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार किंवा कालावधी, आणि सामूहिक काम असेल तर त्यातील स्वतःची नेमकी भूमिका लिहावी. ही शेवटची गोष्ट विसरणारे कलावंत इतके असतात, की ती लिहिणारा लगेच वेगळा दिसतो. चित्रफितीचा किंवा ध्वनिफितीचा आरंभ संथ असेल, तर कोणत्या मिनिटापासून पाहावे हे सांगावे. शीर्षकांमध्ये आणि काळ्या पडद्यावर वाया जाणारा वेळ परीक्षकाचा नसतो, अर्जदाराचाच असतो. फाइलींना ‘अंतिम नवीन २’ अशी नावे देऊ नयेत आणि दुवे दुसऱ्याच्या संगणकावर, पासवर्डविना उघडतात का, हे पाठवण्यापूर्वी पाहावे.

अंदाजपत्रक हे दुसरे टिपण आहे

आकड्यांचा तक्ता हा कंटाळवाणा जोडकागद आहे असे मानून कलावंत तो शेवटच्या रात्री भरतात. जाणता परीक्षक मात्र टिपण आणि अंदाजपत्रक शेजारी ठेवून वाचतो, कारण टिपणात विसरलेली गोष्ट आकड्यांत उघडी पडते.

वरच्याच ध्वनिनाट्याचे उदाहरण पुढे नेऊ. एकूण खर्च १०० भाग धरला, तर त्यातले २५ भाग ध्वनिसंकलन आणि मिश्रणाला, २५ भाग कलावंताच्या स्वतःच्या सहा महिन्यांच्या कामाला, १२ भाग उपकरणांच्या भाड्याला, १२ भाग परिचारिकांच्या मानधनाला, १० भाग वाचिक अभिनय करणाऱ्यांना, ६ भाग प्रवासाला, ३ भाग ऐकू न येणाऱ्यांसाठी लेखी संहिता तयार करायला आणि ७ भाग अनपेक्षित खर्चाला, अशी वाटणी करता येईल. आता परीक्षक काय पाहील? टिपणात आठ ध्वनिमुद्रणे उरली आहेत, तर उपकरणांचे भाडे आठ दिवसांचे धरले आहे की तीस दिवसांचे? वाचिक अभिनेते अंदाजपत्रकात आहेत, मग टिपणात त्यांचा उल्लेख का नाही? मानधन बाराही परिचारिकांना आहे की फक्त उरलेल्या आठ जणींना? दुसरी गोष्ट खरी असेल, तर पहिल्या चौघींनी फुकट काम केले का? आणि आधी झालेला खर्च देता येत नाही असा नियम असेल, तर त्यांचे मानधन कोठून येणार? हे प्रश्न अर्जदाराने स्वतःला आधी विचारावेत आणि प्रत्येक रकमेसमोर तिचा हिशेब एका ओळीत लिहावा: दर, दिवस किंवा माणसे, आणि त्यांचा गुणाकार.

स्वतःचे मानधन शून्य दाखवणे ही सर्वांत घातक सवय आहे. त्यामागे विनय असतो, क्वचित अशी आशाही असते की खर्च कमी दिसला तर निवड सोपी होईल. प्रत्यक्षात त्यातून कलावंत या सहा महिन्यांत जगणार कसा हा प्रश्न उभा राहतो, आणि काम अर्धवट राहण्याची भीती वाढते. कॅनडामध्ये दृश्यकलावंतांनी १९६८ मध्ये ‘कारफॅक’ ही संघटना उभारली. प्रदर्शनासाठी, व्याख्यानासाठी, प्रतिमा छापण्यासाठी कलावंताला किमान किती मानधन मिळावे याचे दरपत्रक ती प्रसिद्ध करते. आपल्या क्षेत्रात असे दरपत्रक उपलब्ध असेल तर त्याचा आधार घ्यावा. नसेल तर तितक्याच कौशल्याच्या कामाला बाजारात जो दर मिळतो, तो धरावा.

एकाच संस्थेकडून सगळी रक्कम मागितल्यास बाकीच्या स्रोतांचा रकाना मोकळा राहतो. तिथे मिळालेली आणि अपेक्षित अशी दोन्ही प्रकारची मदत वेगवेगळी दाखवावी. सभागृह मोफत मिळाले असेल, मित्राने उपकरण वापरायला दिले असेल, तर त्याचीही किंमत धरून ती वस्तुरूप मदत म्हणून नोंदवावी. या कामावर आणखी कोणाचा तरी विश्वास आहे, हे त्यातून दिसते.

लोकांकडून मदत घेताना

संस्थांच्या मुदतींची वाट न पाहता थेट प्रेक्षकांकडून वर्गणी गोळा करण्याचा मार्ग आज सोपा वाटतो, आणि तो नवा तर मुळीच नाही. १८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा पैशाअभावी अडला, तेव्हा जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वृत्तपत्रातून वर्गणीचे आवाहन केले आणि देणाऱ्या प्रत्येकाचे नाव छापण्याचे वचन दिले. साधारण पाच महिन्यांत लाखाहून अधिक लोकांनी मिळून एक लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम जमवली, आणि त्यातल्या बहुतेकांनी एका डॉलरहूनही कमी दिले होते. ते वृत्तपत्र रोज वाचणारा वर्ग आधीपासून होता, ही त्यातली मुख्य गोष्ट. वर्गणीच्या मोहिमेने नवा प्रेक्षक फारसा मिळत नाही. असलेला प्रेक्षक पुढे येतो.

२००९ मध्ये सुरू झालेल्या ‘किकस्टार्टर’ या वर्गणी गोळा करण्याच्या संकेतस्थळावर ठरवलेले लक्ष्य गाठले नाही, तर निर्मात्याला काहीच मिळत नाही आणि वर्गणीदारांकडूनही पैसे घेतले जात नाहीत. हा नियम क्रूर वाटला तरी दोन्ही पक्षांच्या हिताचा आहे, कारण निम्म्या पैशांत निम्मे नाटक उभे करता येत नाही. तिथे मोहीम जास्तीत जास्त ६० दिवस चालवता येते. यशस्वी मोहिमेतून संकेतस्थळ ५ टक्के शुल्क घेते आणि पैसे हस्तांतराचे शुल्क वेगळे लागते. ही सेवा सर्व देशांतील निर्मात्यांना खुली नाही, तेव्हा आपल्या देशात चालणारे असेच दुसरे व्यासपीठ पाहावे लागेल. कुठलेही निवडले तरी पहिल्या दोन-तीन दिवसांत कोण वर्गणी देणार, याची नावानिशी यादी मोहीम जाहीर करण्यापूर्वी तयार असायला हवी. ती यादी होत नसेल तर मोहीम पुढे ढकलावी.

बदल्यात द्यायच्या भेटींचा मोह आवरावा. सही केलेली छापील चित्रे, पोस्टकार्डे, पिशव्या अशा वस्तूंची छपाई, वेष्टन आणि टपाल यांतच जमलेल्या रकमेचा मोठा भाग जातो आणि मूळ काम महिनोन्‌महिने मागे पडते. तालमीला हजर राहण्याचे निमंत्रण, कच्चे ध्वनिमुद्रण ऐकण्याची संधी, श्रेयनामावलीत नाव अशा भेटींना खर्च कमी येतो, आणि कामाची आस्था असणाऱ्याला त्या जास्त मोलाच्या वाटतात. एका प्रकल्पाऐवजी सतत चालणाऱ्या कामाला आधार हवा असेल, तर २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘पॅट्रिऑन’सारखी मासिक वर्गणीची पद्धत आहे; मात्र दरमहा काहीतरी देण्याचे बंधन तिच्यात गृहीत असते, आणि ज्याचे काम वर्ष-वर्ष मूक राहून पिकते अशा कलावंताला ते मानवत नाही.

कागदावर काय असावे

१८०९ मध्ये आर्चड्यूक रुडोल्फ, राजपुत्र लोब्कोवित्झ आणि राजपुत्र किन्स्की या तिघांनी संगीतकार बीथोव्हेनला व्हिएन्नात किंवा ऑस्ट्रियाच्या राज्यातल्या दुसऱ्या शहरात राहण्याच्या अटीवर वर्षाला ४००० फ्लोरिन देण्याचा लेखी करार केला. अटी याहून चांगल्या क्वचितच मिळतात. दोनच वर्षांत ऑस्ट्रियाच्या चलनाचे मोठे अवमूल्यन झाले आणि त्या रकमेची किंमत कोसळली. १८१२ मध्ये सर्वांत मोठा हिस्सा देणारे किन्स्की घोड्यावरून पडून वारले आणि त्यांच्या वारसांशी बीथोव्हेनला झगडावे लागले. तरीही कागद हाती होता म्हणून झगडता आले, आणि १८१५ मध्ये तडजोड झाली.

म्हणून मदत लहान असली, देणारा स्नेही असला, तरी चार ओळींचा लेखी करार करावा. रक्कम किती, किती हप्त्यांत, कोणत्या तारखेला. हप्ता मिळण्यासाठी काय पूर्ण व्हायला हवे. काम लांबले, रद्द झाले किंवा देणाऱ्याची परिस्थिती बदलली तर काय. आणि तयार झालेल्या कामाचे हक्क कोणाकडे. या शेवटच्या मुद्द्यावर नवोदित सर्वांत जास्त नुकसान सोसतात. १८८६ च्या बर्न कराराला बांधील असलेल्या देशांमध्ये स्वामित्वहक्क काम निर्माण होताच मिळतो, त्यासाठी नोंदणीची अट नसते. निर्मात्याच्या हयातीनंतर किमान ५० वर्षे संरक्षण देणे बंधनकारक आहे, आणि अनेक देशांचे कायदे त्याहून अधिक देतात. अनुदान देणाऱ्याने पैसे दिले एवढ्याने हक्क त्याचा होत नाही. तो सही करून दिला तरच जातो, आणि करारात ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क, कायमस्वरूपी’ अशी ओळ असेल, तर तिच्या जागी कोणत्या वापरासाठी, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी हे लिहून मागावे. आपले काम लोकांनी ठरावीक अटींवर मुक्तपणे वापरावे असे वाटत असेल, तर २००२ पासून उपलब्ध असलेले ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवाने आहेत, परंतु एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही हे ध्यानात ठेवूनच त्यांचा वापर करावा. आपण इतरांचे आवाज, चेहरे, गाणी वापरत असू, तर त्यांची लेखी संमती आधीच घ्यावी. ध्वनिनाट्य पूर्ण झाल्यावर बारापैकी एकीने नकार दिला, तर अख्खी रचना उसवावी लागते.

नकार आला तर, आणि होकार आला तर

नकार येणारच, आणि त्यातून काय कळते याची मर्यादाही ओळखावी. निधी संपला, त्या वर्षी त्याच प्रकारचे तीन प्रस्ताव आले, समितीत मतभेद झाले, अशी कितीतरी कारणे अर्जाबाहेरची असतात. अभिप्राय मिळण्याची सोय असेल तर तो जरूर मागावा. एकच आक्षेप दोन वेगळ्या संस्थांकडून आला, तर तो खरा धरून प्रस्ताव बदलावा, आणि एकाच परीक्षकाच्या आवडीनिवडीतून आला असेल तर तसाच राहू द्यावा. यासाठी साधी नोंदवही ठेवावी: संस्था, मुदत, पाठवलेल्या प्रस्तावाची प्रत, निकाल, अभिप्राय, पुन्हा अर्ज करता येण्याची तारीख. पहिल्या प्रस्तावासाठी लिहिलेले टिपण, परिचय, नमुन्यांच्या नोंदी पुढच्या प्रत्येक वेळी कामी येतात, आणि तिसऱ्या-चौथ्या अर्जापासून कष्ट निम्म्यावर येतात.

होकार आल्यावर अनेकांचा पत्रव्यवहार थांबतो, तो थांबू नये. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी भाऊ थिओ यांना लिहिलेली सहाशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत. थिओ दरमहा पैसे पाठवत आणि व्हिन्सेंट पत्रांतून चालू चित्रांची रेखाटने, रंगांची मागणी आणि कामातल्या अडचणी कळवत. त्या पत्रांना आज आपण साहित्य म्हणतो, पण आधार देणाऱ्याला कामाची खबर देणे हे त्यांचे रोजचे प्रयोजन होते. संस्थेला एवढी जवळीक अपेक्षित नसते. दोन महिन्यांतून एकदा चार ओळी आणि एखादे छायाचित्र पुरते. काम ठरल्यापेक्षा वेगळ्या वाटेने जाऊ लागले, किंवा मुदत चुकणार असे दिसले, तर मुदत उलटण्यापूर्वी लिहावे. मुदतवाढ आधी मागितली तर ती सहसा मिळते. नंतर मागितली तर तो खुलासा होतो.

खर्चाच्या पावत्या पहिल्या दिवसापासून, अंदाजपत्रकातल्याच शीर्षकांखाली लावाव्यात. एका शीर्षकातून दुसऱ्यात रक्कम वळवायची असेल तर किती टक्क्यांपर्यंत परवानगीशिवाय चालते, हे करारात पाहावे. आपल्या देशात अनुदान करपात्र उत्पन्न धरले जाते का, हे रक्कम खात्यात येण्यापूर्वीच लेखापालाला विचारावे, म्हणजे वर्षअखेरीस खर्चून झालेल्या पैशांवर कर भरण्याची वेळ येणार नाही. अंतिम अहवालात काय झाले, काय झाले नाही, किती लोकांनी पाहिले किंवा ऐकले आणि कोणता खर्च का बदलला, हे साध्या भाषेत लिहावे, आणि रक्कम शिल्लक राहिली असेल तर ती परत करायची की वापरायची, हे विचारून घ्यावे. पुष्कळ संस्था मागील अहवाल मंजूर झाल्याशिवाय नवा अर्ज स्वीकारत नाहीत, त्यामुळे अहवाल लिहिण्याचा आठवडा प्रकल्पाच्या वेळापत्रकातच, आणि त्याचा मोबदला अंदाजपत्रकातच, आधीपासून धरून ठेवावा.